ग्राहकाच्या वेषातील विक्रेता

विहिरीवर नवा पंप बसवावयाचा झाला, तर शेतकरी प्रथम दुकानात जात नाही. ज्याच्या विहिरीवर तसा पंप दोन उन्हाळे चालला आहे, त्याच्या बांधावर तो जातो. पंप पाणी किती उचलतो, विजेचा दाब कमी झाला तर मोटार जळते काय, सुटे भाग तालुक्याला मिळतात की जिल्ह्याच्या गावी जावे लागते, अशा गोष्टी तो विचारून घेतो. शहरात शिलाईयंत्र किंवा दुचाकी घेणारे कुटुंबही याहून वेगळे वागत नाही. दुकानदार खोटेच बोलेल असे नव्हे. परंतु माल खपावा ही त्याची गरज असते, हे गिऱ्हाईक जाणून असते. शेजाऱ्याला मालाच्या खपाशी काही कर्तव्य नसते. त्याच्या शब्दाला वजन येते ते यामुळेच.

हा शेजारीच विक्रेत्याने पैसे देऊन उभा केलेला असेल तर काय होईल? प्रकार तसा नवा नाही. जत्रेत माल विकणारा आपलाच एक माणूस गर्दीत मिसळून ठेवतो. तो मोठ्या आवाजात मालाची वाखाणणी करतो, पहिली वस्तू विकत घेतो आणि मग इतरांचे हात खिशाकडे वळतात. परंतु जत्रेतील ही फसवणूक त्या पालापुरती आणि त्या दिवसापुरती असते. इंटरनेटच्या प्रसारानंतर याच युक्तीला जे विस्तृत क्षेत्र मिळाले, त्यामुळे ती आता अनेक देशांच्या शासनांना व न्याययंत्रणांना गांभीर्याने विचारात घ्यावी लागत आहे. मोबाइल फोन, संगणक, कॅमेरे आणि संगणकीय खेळ यांची चर्चा जेथे चालते, त्या चर्चामंचांवर काही कंपन्यांनी सामान्य ग्राहकाचा वेष घेऊन आपल्या मालाचा प्रचार केल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे.

ज्ञानाची विनामूल्य देवघेव

तांत्रिक चर्चामंच ही आधुनिक काळातील एक उपयुक्त लोकसंस्था आहे, असे म्हणावयास हरकत नाही. कोणाचा संगणक मध्येच बंद पडतो, कोणाच्या फोनची बॅटरी दुपारीच संपते, कोणाला प्रोग्रॅममधील चूक सापडत नाही. तो आपली अडचण मंचावर मांडतो आणि दूर कोठे तरी बसलेला, कधीही न भेटलेला माणूस तिचे उत्तर लिहून देतो. या कामाचा मोबदला कोणी घेत नाही. आपल्यालाही कधी काळी असेच कोणी तरी साहाय्य केले होते, एवढीच बहुधा त्यामागची प्रेरणा असते. असे उत्तर एका व्यक्तीपुरते राहत नाही. ते लेखी स्वरूपात टिकते आणि पुढे अनेक वर्षे शोध घेणाऱ्या हजारो लोकांच्या उपयोगी पडते.

तांत्रिक वस्तूंच्या बाबतीत या देवघेवीचे महत्त्व अधिक आहे. ज्वारीचे कणीस हातात घेऊन दाणा पारखता येतो. मोबाइल फोन दोन वर्षांनी कसा चालेल हे दुकानातील काचेपलीकडून कळत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन हीच अडचण स्पष्ट केली. विकणाऱ्याला मोटारीचा गुणदोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. साहजिकच घेणारा चांगल्या मोटारीलाही पूर्ण किंमत देण्यास कचरतो, चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून बाहेर पडतात आणि शेवटी निकृष्ट मालच उरतो. माहितीच्या असमान वाटणीविषयीच्या या कार्याबद्दल अकेरलॉफ यांना २००१ साली अन्य दोन अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले. चर्चामंच हे ही असमानता कमी करण्याचे साधन आहे, कारण वापरणाऱ्याचा अनुभव तेथे घेणाऱ्यापर्यंत पोचतो. त्यात पैसे देऊन लिहविलेला मजकूर मिसळला गेला, तर साधन निकामी होते आणि बाजार पुन्हा अज्ञानाकडे ढकलला जातो.

तैवानमधील प्रकरण

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास तैवानमध्ये २०१३ साली घडलेले प्रकरण उपयुक्त ठरते. त्या काळी तेथील मोबाइल फोनच्या बाजारपेठेत तीव्र स्पर्धा होती. एका बाजूस दक्षिण कोरियाची सॅमसंग ही बलाढ्य कंपनी आणि दुसऱ्या बाजूस तैवानमधीलच एचटीसी ही कंपनी होती. अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा बाजारातील पहिला फोन २००८ साली एचटीसीनेच तयार केला होता. फोनविषयी माहिती घेण्यासाठी तैवानचे ग्राहक 'मोबाइल ०१' यांसारख्या चर्चामंचांकडे मोठ्या प्रमाणावर वळत असत.

एप्रिल २०१३ मध्ये एका संकेतस्थळावर काही अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध करण्यात आली. सॅमसंगच्या तैवानमधील कंपनीसाठी मोबदला घेऊन काही लोक सामान्य ग्राहकांच्या नावाने चर्चामंचांवर लिहीत आहेत, सॅमसंगच्या फोनची स्तुती करीत आहेत आणि एचटीसीच्या फोनची निंदा करीत आहेत, असा आरोप त्यांतून पुढे आला. या आरोपांनंतर कंपनीने त्याच महिन्यात जाहीर निवेदन केले. ग्राहकांशी प्रामाणिक व पारदर्शक व्यवहार ठेवण्याची कंपनीची तत्त्वे आहेत, त्यांचे पुरेसे आकलन न झाल्यामुळे हा प्रकार घडला, आणि निनावी अभिप्राय लिहविण्याचे काम आता थांबविण्यात आले आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता.

निवेदनाने विषय संपला नाही. तैवानच्या न्याय्य व्यापार आयोगाने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये आपला निर्णय जाहीर केला. कंपनीने मोबदला देऊन नेमलेले लेखक आणि काही ठराविक कर्मचारी यांच्याकडून चर्चामंचांवर लेखन करवून घेतले, असे आयोगास आढळून आले. या लेखनाचे साधारण तीन भाग होते. आपल्या फोनचे गुण सांगणे हा पहिला, आपल्या मालाविषयीच्या प्रतिकूल बातम्यांची धार बोथट करणे हा दुसरा आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या फोनचे दोष ठळक करणे हा तिसरा. लिहिणारा कंपनीशी संबंधित आहे, ही गोष्ट मात्र वाचकापासून लपवून ठेवण्यात आली होती. आयोगाने सॅमसंगला १ कोटी तैवानी डॉलर, म्हणजे सुमारे ३ लक्ष ४० हजार अमेरिकी डॉलर, एवढा दंड केला. हे काम प्रत्यक्ष पार पाडणाऱ्या दोन विपणन संस्थांनाही दंड भरावा लागला. त्यांपैकी एकीचा दंड ३० लक्ष तैवानी डॉलर होता.

उघड जाहिरात आणि छुपी जाहिरात

त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यात त्याच आयोगाने त्याच कंपनीला आणखी एका कारणासाठी दंड केला होता. गॅलक्सी वाय ड्युओस या फोनच्या कॅमेऱ्याविषयी जाहिरातीत दिलेली माहिती दिशाभूल करणारी होती, असा तो ठपका होता आणि दंडाची रक्कम ३ लक्ष तैवानी डॉलर होती. पुढे ऑक्टोबरमध्ये झालेला दंड याच्या सुमारे ३३ पट होता. दंडाच्या रकमेमागे अनेक बाबींचा विचार असतो हे खरे. तथापि दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे उघड आणि छुप्या जाहिरातीतील भेद ध्यानात येतो.

उघड जाहिरातीत खोटे विधान केले, तर ते कोणी केले हे सर्वांना दिसते. फोन हातात घेऊन कॅमेरा तपासता येतो, विधान खोटे ठरविता येते आणि करणाऱ्याला जाब विचारता येतो. जाहिरात आहे म्हटल्यावर वाचकही तिच्याकडे काहीशा सावधपणे पाहतो. छुप्या जाहिरातीतील प्रत्येक वाक्य कदाचित खरेही असेल. फोनचा पडदा खरोखरच चांगला असेल, प्रतिस्पर्ध्याच्या फोनमधील दोष खरोखरच अस्तित्वात असेल. खोटे असते ते बोलणाऱ्याचे नाते. विक्रेत्याच्या बोलण्यावर जी शंका घ्यावयाची ती वाचक येथे घेतच नाही, कारण समोर विक्रेता आहे हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून स्तुती करणे हा अपराध नव्हे, मोबदला घेणे हाही अपराध नव्हे. स्तुती आणि मोबदला यांचा संबंध दडविणे हा अपराध होय. जगातील बहुतेक कायदे आज याच सूत्रावर उभे आहेत.

'कृत्रिम हिरवळ'

या प्रकाराला इंग्रजीत एक मार्मिक नाव आहे. सामान्य जनतेतून आपोआप उभ्या राहिलेल्या चळवळीला तेथे गवताच्या मुळाची उपमा देतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ह्यूस्टन शहरातील अ‍ॅस्ट्रोडोम या आच्छादित क्रीडागारात १९६६ साली प्लॅस्टिकचे गवत बसविण्यात आले आणि ते 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' या नावाने प्रसिद्धीस आले. १९८५ साली टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्टसन यांच्याकडे विमा व्यवसायाच्या हिताची पत्रे ढिगाने येऊ लागली. त्या वेळी, खरे गवत आणि अ‍ॅस्ट्रोटर्फ यांतील फरक टेक्सासच्या माणसाला कळतो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. तेव्हापासून पैसे देऊन उभारलेल्या लोकमताला हे नाव रूढ झाले.

राजकारणातील ही युक्ती तांत्रिक वस्तूंच्या बाजारात येण्यास वेळ लागला नाही. २००२ साली सोनी एरिक्सन कंपनीने अमेरिकेतील १० शहरांत ६० नटनट्या नेमल्या. पर्यटकांच्या वेषात हिंडून ते रस्त्यावरील लोकांना आपले छायाचित्र काढून देण्याची विनंती करीत आणि कॅमेरा जोडता येणारा नवा फोन त्यांच्या हाती देत. समोरचा माणूस जाहिरात करीत आहे याची त्या लोकांना कल्पना नसे. २००६ साली सोनीच्या पीएसपी या खेळयंत्रासाठी एक संकेतस्थळ काढण्यात आले. नाताळची भेट म्हणून ते यंत्र मिळावे यासाठी आतुर झालेल्या तरुणांनीच ते चालविले आहे, असा देखावा त्यात होता. परंतु त्याची नोंदणी एका विपणन संस्थेच्या नावे असल्याचे चाणाक्ष वाचकांनी शोधून काढले आणि कंपनीला हे कृत्य आपलेच असल्याची कबुली द्यावी लागली.

पुढे हा व्यवहार घाऊक झाला. संगणकाची उपकरणे बनविणाऱ्या बेल्किन कंपनीचा एक कर्मचारी प्रत्येक अनुकूल परीक्षणासाठी ६५ सेंट देऊ करीत असल्याचे जानेवारी २००९ मध्ये उघड झाले आणि कंपनीच्या अध्यक्षांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. २०१० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिव्हर्ब या प्रसिद्धी संस्थेविरुद्धचे प्रकरण निकालात काढले. तिचे कर्मचारी सामान्य खेळाडूंच्या नावाने आपल्याच अशिलांच्या मोबाइल खेळांची परीक्षणे लिहीत होते आणि संस्थेच्या मोबदल्यात अनेकदा विक्रीतील वाट्याचा समावेश होता. २०१५ साली मशिनिमा या संस्थेवर याच आयोगाने कारवाई केली. एक्सबॉक्स वन या खेळयंत्राची प्रशंसा करणाऱ्या चित्रफितींसाठी तिने एका निवेदकाला १५ हजार आणि दुसऱ्याला ३० हजार डॉलर दिले होते. प्रेक्षकांना मात्र तो त्यांचा स्वतंत्र अभिप्राय वाटत होता.

ओळखणे अवघड का?

छुप्या प्रचाराची कार्यपद्धती साधी असते. कंपनी आपले नाव पुढे येऊ न देता विपणन संस्थेला काम देते. संस्था ते मोबदल्यावर लिहिणाऱ्यांकडे सोपविते. लिहिणारा मंचावर खाते उघडतो आणि काही काळ इकडच्या तिकडच्या विषयांवर लिहून जुना सदस्य असल्याचा आभास निर्माण करतो. कधी एका खात्यावरून प्रश्न विचारला जातो व दुसऱ्यावरून उत्तर दिले जाते. स्तुती अतिशयोक्त वाटू नये म्हणून मालाचा एखादा किरकोळ दोषही मुद्दाम नमूद केला जातो. गैरसोयीची बातमी चर्चेत आली, तर तिच्याविषयी वाद न घालता विषयच दुसरीकडे वळविला जातो.

वाचकाला हे सहज ओळखता येईल असे मानणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली शिकागोतील २० हॉटेलांविषयीची ४०० खरी आणि मुद्दाम पैसे देऊन लिहवून घेतलेली ४०० खोटी परीक्षणे तपासली. खरे-खोटे निवडण्यासाठी बसविलेल्या तीन वाचकांपैकी सर्वोत्तम वाचकाची अचूकताही शेकडा ६२ च्या आसपासच राहिली. नाणे उडवून निर्णय केला असता तरी निम्मी उत्तरे बरोबर आलीच असती. संगणकाने शब्दयोजनेचे विश्लेषण करून मात्र शेकडा ९० च्या जवळपास अचूकता गाठली. खोटे लिहिणारे जागेची प्रत्यक्ष मापे व तपशील कमी देतात आणि आपण कोणाबरोबर, कशासाठी गेलो याचे वर्णन अधिक करतात, असे त्या अभ्यासात दिसून आले.

अलीकडे यंत्रही मनुष्याप्रमाणे मजकूर लिहू लागले आहे. पूर्वी शंभर खोटे अभिप्राय हवे असतील, तर ते लिहिणारे हात तरी शोधावे लागत. आता ती अडचण उरलेली नाही. व्यवहाराचा आवाका किती वाढला आहे याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. जुलै २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने खोट्या परीक्षणांचा सौदा चालणाऱ्या फेसबुकवरील १० हजारांहून अधिक गटांच्या चालकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

यात फसलेल्या ग्राहकाचे नुकसान तर होतेच. एखाद्या कुटुंबाची महिन्याची मिळकत एका फोनवर खर्ची पडते. परंतु त्याहून खोल नुकसान प्रामाणिक सदस्याचे होते. मंचावर विकत घेतलेले लेखन असल्याचे एकदा कळले, की कोणाच्याही स्तुतीवर 'याला किती पैसे मिळाले?' हा प्रश्न येतो. सुक्याबरोबर ओलेही जळते. वर्षानुवर्षे विनामूल्य साहाय्य करणारा माणूस अशा वातावरणात लिहिणे सोडून देतो आणि त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही मंचावरून जाते. या हानीची भरपाई कोणत्याही दंडाने होत नाही.

कायद्याचे संरक्षण

युरोपीय संघाने २००५ सालीच अनुचित व्यापारी प्रथांविषयी निर्देश काढला. व्यापाऱ्याने स्वतःस ग्राहक म्हणून भासविणे ही प्रथा कोणत्याही परिस्थितीत अनुचित समजावयाच्या प्रथांच्या सूचीत त्याने घातली. पुढील सुधारणेने खोटी परीक्षणे देणे व ती लिहविण्याचे काम सोपविणे या गोष्टीही २८ मे २०२२ पासून त्या सूचीत आल्या. अमेरिकेत २००९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी इंटरनेटवरील लेखकांनाही आर्थिक संबंध उघड करण्याचे बंधन स्पष्ट केले. तेथे २१ ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या परीक्षणांविरुद्ध स्वतंत्र नियम अमलात आला असून यंत्राने लिहिलेली खोटी परीक्षणेही त्याच्या कक्षेत येतात. हेतुपुरस्सर केलेल्या प्रत्येक भंगासाठी ५० हजार डॉलरहून अधिक दंडाची मागणी करता येते.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा तिची भलावण करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार या प्राधिकरणास आहे. भलावण करणाऱ्यास एक वर्षापर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास तीन वर्षांपर्यंत असे काम करण्यास मनाईही करता येते. जून २०२२ मध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. भलावण करणारा आणि उत्पादक यांच्यात वाचकाच्या विश्वासावर परिणाम करील असा संबंध असल्यास तो उघड करणे त्यांनी आवश्यक ठरविले. समाजमाध्यमांवर असा मजकूर देताना तो जाहिरात किंवा प्रायोजित असल्याचे ठळकपणे नमूद करावे, अशा सूचना जानेवारी २०२३ मध्ये देण्यात आल्या. जाहिरात व्यवसायाने आत्मनियमनासाठी १९८५ साली स्थापन केलेल्या, मुंबई येथे मुख्यालय असलेल्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनेही मे २०२१ मध्ये तत्सम नियम घालून दिले होते.

याशिवाय भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. इंटरनेटवरील ग्राहक परीक्षणे कशी गोळा करावीत, तपासावीत व प्रसिद्ध करावीत याचे नियम त्यात आहेत. पुरवठादाराने विकत घेतलेली किंवा त्यासाठी नेमलेल्या व्यक्तींनी लिहिलेली परीक्षणे प्रसिद्ध करू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. ऐच्छिक स्वरूपात हे मानक जाहीर झाले.

उघडपणाची परंपरा

कायद्याला मर्यादा असतात. कोणी तरी कागदपत्रे बाहेर काढीपर्यंत तैवानमधील प्रकारही झाकलेलाच होता. म्हणून समुदायांनी स्वतः घालून घेतलेल्या नियमांना तितकेच महत्त्व आहे. कंपन्यांच्या माणसांना मज्जाव करणे हा मात्र त्यावरील उपाय नव्हे. १९९१ साली सुरू झालेली लिनक्स ही संगणक प्रणाली आज जगभर वापरली जाते आणि तिच्या गाभ्यातील बरेचसे काम निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. परंतु ते आपल्या नावाने काम करतात, पुष्कळदा कंपनीच्या पत्त्यावरूनच ते पाठवितात आणि कोणती कंपनी किती काम करते याच्या गणनाही प्रसिद्ध होतात. अभियंत्याला पगार कोण देतो हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या सूचनेची पारख त्या ध्यानाने करता येते. कंपनीच्या जाणकार माणसाने मंचावर येऊन आपली ओळख सांगून उत्तर दिले, तर ते सर्वांच्या हिताचेच आहे.

विकिपीडियाचा अनुभवही बोलका आहे. २०१३ साली अशिलांकडून पैसे घेऊन लेखांत गुपचूप फेरबदल करणाऱ्या एका व्यवसायाशी संबंधित २५० हून अधिक खाती इंग्रजी विकिपीडियावर बंद करण्यात आली. त्यानंतर जून २०१४ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने आपल्या वापराच्या अटींत सुधारणा केली. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक किंवा अशील कोण हे उघड केले पाहिजे, असा नियम त्यात आला. या नियमाचे सार एवढेच की, लिहा, पण कोणासाठी लिहिता ते सांगा.

जागरूकतेचे स्वरूप

महाराष्ट्राला ग्राहक चळवळ नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, तर १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांनी एकत्र येऊन माल पारखून घ्यावयाचा व घाऊक खरेदी करून वाटून घ्यावयाचा, हा मुंबईच्या पंचायतीचा उपक्रम सर्वपरिचित आहे. एकट्या ग्राहकाची दुर्बलता संघटित अनुभवाने दूर होते, हा त्यामागील विचार होता. चर्चामंचावरील अनुभवांची देवघेव हे त्याच विचाराचे आजचे रूप होय आणि म्हणून त्याचे रक्षण करणे हे ग्राहकांचेच काम आहे.

यासाठी काही साधे नियम पाळता येतील. कोणताही अभिप्राय वाचताना लिहिणाऱ्याने पूर्वी काय लिहिले आहे ते पाहावे. एकाच कंपनीच्या मालाखेरीज ज्याला दुसरा विषय नाही, त्याचे म्हणणे जपून स्वीकारावे. थोड्या काळात, सारख्याच शब्दांत अनेक प्रशंसा आल्या असतील, तर त्यांची संख्या निर्णायक मानू नये. वस्तू प्रत्यक्ष वापरल्याचा तपशील ज्यात आहे, बिघाड कधी झाला व दुरुस्ती कशी मिळाली हे ज्यात सांगितले आहे, त्या मजकुराला अधिक महत्त्व द्यावे. मोठ्या खरेदीपूर्वी दोन-तीन स्वतंत्र ठिकाणची माहिती ताडून पाहावी. फसवणूक झाल्याचे आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तसेच, केवळ मत पटत नाही म्हणून समोरच्यावर पैसे घेतल्याचा आरोप करू नये. कारण निष्कारण संशयानेही मंच ओस पडतात.

आणि मोबदला घेऊन लिहिण्याचा प्रस्ताव आला तर? तैवानमधील आरोपांत विद्यार्थ्यांकडून असे लेखन करवून घेतल्याचाही उल्लेख होता. घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे हे काम निरुपद्रवी वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याच्यासाठी ते लिहिले जाते तो वाचक, आपल्याच गावातील एखादा विद्यार्थी किंवा साठविलेल्या पैशांतून पहिला फोन घेणारी एखादी गृहिणी असू शकते.

विकतचे लेखन पूर्णपणे थांबविणे कोणत्याही एका यंत्रणेला साधणारे नाही. त्याचा परिणाम कमी करणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. जेथे खरे अनुभव थोडे असतात, तेथे दहा खोटे अभिप्राय बाजारभाव फिरवू शकतात. जेथे ते शेकड्याने असतात, तेथे दहा खोट्यांचा निभाव लागत नाही. म्हणून वस्तू विकत घेतल्यानंतर आणि काही महिने वापरल्यानंतर, तिचे गुण व दोष दोन्ही सांगणाऱ्या चार ओळी जो ग्राहक कोणाच्याही सांगण्यावाचून लिहून ठेवतो, तो आपल्यानंतर येणाऱ्या खरेदीदाराला बांधावरच्या शेजाऱ्याइतकीच मदत करीत असतो.